पीअरब्लॉक १.२ : यादी लांबलचक, राखण तोकडी

टॉरेंटवरून फायलींची देवाणघेवाण करताना संगणक सुरक्षित कसा ठेवावा, असे कोणी विचारले की आजही बरेच जुने वापरकर्ते पहिले नाव घेतात ते पीअरब्लॉकचे. यादीतील आयपी पत्त्यांशी (इंटरनेटवरील यंत्रांच्या क्रमांकांशी) होणारी जोडणी अडवणाऱ्या, विंडोजवर चालणाऱ्या या मोफत सॉफ्टवेअरची १.२ ही आवृत्ती जानेवारी २०१४मध्ये आली आणि पुढे काम थांबल्यासारखेच झाले. तरीही त्याची शिफारस थांबलेली नाही, म्हणून त्याचे परीक्षण आज करणे मला अप्रस्तुत वाटत नाही. मात्र ते एकट्याचे करण्यात अर्थ नाही. विंडोजची स्वतःची फायरवॉल (येणाऱ्या-जाणाऱ्या जोडण्यांची पहारेकरी), लिनक्सवरील यूएफडब्ल्यू ही फायरवॉल आणि टॉरेंट क्लायंटमधील, म्हणजे टॉरेंट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील, आयपी फिल्टर ही साधने आपल्याकडे फुकट आणि आधीपासूनच असतात; त्यांच्या शेजारी ठेवूनच पीअरब्लॉकचे मोल करायला हवे.

आधी माझा वापर कशासाठी आहे ते सांगतो, कारण त्यावर मत बरेच अवलंबून असते. डेबियन आणि उबंटूच्या आयएसओ फायली मी टॉरेंटवरूनच उतरवून घेतो आणि नंतर सीड करत, म्हणजे इतरांना वाटत, ठेवतो. इंटरनेट आर्काइव्हने ऑगस्ट २०१२पासून आपल्या संग्रहासाठी टॉरेंटची सोय केली, तेव्हापासून तिथले जुने मराठी ग्रंथांचे स्कॅनही याच मार्गाने घेणे सोपे जाते, कारण मोठी फाइल मध्येच तुटली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. चोरीचे चित्रपट उतरवताना पकडले जाऊ नये म्हणून ढाल शोधणाऱ्यांसाठी हे परीक्षण नाही; प्रताधिकार अधिनियम, १९५७च्या कलम ६३मध्ये त्याची शिक्षा तीन वर्षांच्या कारावासापर्यंत जाते, आणि कोणतीही ब्लॉकलिस्ट, म्हणजे अडवायच्या पत्त्यांची यादी, त्या कलमाच्या आड येत नाही.

पीअरब्लॉकचा जन्म समजून घेतला की त्याची मर्यादा अर्धी कळते. सप्टेंबर २००३मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने फायली वाटणाऱ्या २६१ व्यक्तींवर दावे दाखल केले. त्याच वर्षी पीअरगार्डियन हे सॉफ्टवेअर आले. कल्पना सरळ होती : नजर ठेवणाऱ्या कंपन्यांचे आयपी पत्ते गोळा करायचे आणि त्या पत्त्यांशी संगणकाला बोलूच द्यायचे नाही. पीअरगार्डियन २चा ड्रायव्हर स्वाक्षरी नसलेला असल्यामुळे ६४-बिट व्हिस्टावर अडू लागला, तेव्हा त्याच्याच कोडवरून २००९मध्ये पीअरब्लॉक तयार झाले आणि स्वाक्षरी केलेला ड्रायव्हर घेऊन आले. त्या काळात ही भीती निराधार नव्हती. मीडियाडिफेंडर नावाची कंपनी बनावट फायली पसरवण्याचा व्यवसाय उघडपणे करत होती. सप्टेंबर २००७मध्ये तिचे अंतर्गत ईमेल फुटले आणि तिची कार्यपद्धती जगजाहीर झाली. मे २००८मध्ये तर स्वतःचेच कार्यक्रम बिटटॉरेंटवरून वाटणाऱ्या रिव्हिजन३ या पूर्णपणे कायदेशीर कंपनीचा सर्व्हर जोडणीच्या खोट्या विनंत्यांच्या पुराने बंद पडला आणि तो पूर मीडियाडिफेंडरच्याच पत्त्यांवरून आल्याचे निष्पन्न झाले. अशा वेळी ज्ञात पत्त्यांची यादी हाताशी असणे शहाणपणाचेच होते.

सॉफ्टवेअर म्हणून पीअरब्लॉक नेटके आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. बसवल्यावर एक छोटा विझार्ड पी२पी, जाहिराती, स्पायवेअर आणि शैक्षणिक संस्था यांपैकी कोणते गट अडवायचे ते विचारतो, याद्या उतरवून घेतो आणि लगेच कामाला लागतो. मुख्य खिडकीत वेळ, पट्ट्याचे (सलग पत्त्यांच्या गटाचे) नाव, स्रोत, गंतव्य, प्रोटोकॉल आणि केलेली कारवाई असे रकाने धावत असतात. एखादा पत्ता चुकून अडला तर त्यावर उजवी क्लिक करून त्याला पंधरा मिनिटे, एक तास किंवा कायमची परवानगी देता येते, आणि याद्यांमुळे संकेतस्थळे उघडेनाशी झाली तर एचटीटीपीला मोकळीक देणारे बटण समोरच असते. ही मोकळीक ८० आणि ४४३ या पोर्टांपुरती, म्हणजे संकेतस्थळांच्या ठरावीक दारांपुरती, असते. यंत्राच्या पातळीवर अडवणूक होत असल्याने एकच यादी टॉरेंट, ईम्यूल (फायली वाटण्याचे आणखी एक सॉफ्टवेअर) आणि इतर सर्व सॉफ्टवेअरना सारखीच लागू होते. क्लायंटमधील फिल्टरला हे जमत नाही.

अडचण सुरू होते ती याद्यांपासून. पीअरब्लॉक हा केवळ चालवणारा हात आहे. कोणाला अडवायचे हे ठरवते ती ब्लूटॅक या याद्या बनवणाऱ्या गटाच्या परंपरेतून आलेली आणि आय-ब्लॉकलिस्ट या संकेतस्थळावरून मिळणारी यादी. तिच्या प्रत्येक ओळीत आधी एक नाव, मग विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि पुढे सुरुवातीचा व शेवटचा पत्ता असतो. एकेका ओळीत कधी एक पत्ता, तर कधी लाखो पत्ते बसलेले असतात, आणि त्यांची बेरीज कोटींच्या घरात जाते. ही नोंद कोणी केली, कोणत्या पुराव्यावर केली आणि शेवटची तपासली केव्हा, याचा पत्ता त्या ओळीत नसतो. दरम्यान आशिया-पॅसिफिक विभागाला वाटायचे मोकळे आयपीव्ही४ पत्ते, म्हणजे जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, एप्रिल २०११मध्ये जवळजवळ संपले आणि तेव्हापासून पत्त्यांचे पट्टे विकले जातात, भाड्याने जातात, एका देशातून दुसऱ्या देशात हलतात. भाडेकरू सोडून गेल्यावरही दारावरची पाटी तशीच राहावी, तशी या यादीतील कित्येक नावांची गत आहे. आज त्या पट्ट्यात एखादे विद्यापीठ किंवा एखाद्याचा साधा घरगुती मोडेम असू शकतो, आणि आपला क्लायंट त्याच्याशी जोडणी नाकारून स्वतःचाच वेग कमी करून घेतो.

याच नावांमुळे आणखी एक गोष्ट घडते, जी मला तांत्रिक दोषापेक्षा जास्त खटकते. नोंदींच्या धावत्या रकान्यात एखाद्या सरकारी खात्याचे किंवा संरक्षण विभागाचे नाव लाल अक्षरांत उमटले की नवखा वापरकर्ता घाबरतो आणि आपल्यावर कोणाची तरी पाळत आहे असे समजतो. प्रत्यक्षात बिटटॉरेंटचा डीएचटी, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरशिवाय सहभागी शोधण्याची व्यवस्था, हा असंख्य अनोळखी पत्त्यांशी लहान लहान यूडीपी संदेशांची देवघेव करतच चालतो. त्यात जुने, चुकीचे आणि मुद्दाम घुसवलेले पत्तेही फिरत असतात. अडवलेल्या ओळींची संख्या वाढली म्हणजे सुरक्षितता वाढली, असा समज ही खिडकी नकळत रुजवते. मी स्वतः पीअरब्लॉक तपासताना ती खिडकी लहान करून ठेवणेच पसंत केले.

मग अडवणुकीचा उपयोग किती? याबाबत संशोधन झालेले आहे आणि ते दोन्ही बाजूंनी वाचायला हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २००७च्या सुमारास असे दाखवले की ब्लॉकलिस्ट न वापरणाऱ्याचा यादीतील पत्त्यांशी संपर्क येणे जवळजवळ अटळ असते, संपर्कात आलेल्या वेगवेगळ्या पत्त्यांपैकी १२ ते १७ टक्के पत्ते यादीतले असतात, आणि सर्वाधिक आढळणारे केवळ पाच पट्टे अडवले तरी हे प्रमाण सुमारे एक टक्क्यावर येते. पीअरब्लॉकचे समर्थक या आकड्यांवर भर देतात. परंतु या हिशेबात यादी बरोबर आहे हे गृहीत धरलेले आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी २०१२मध्ये नेमके तेच गृहीत तपासले. लोकप्रिय टॉरेंटमध्ये शिरलेल्या क्लायंटशी निरीक्षकांपैकी बऱ्याच जणांनी पहिल्या तीन तासांतच संपर्क साधला, आणि उपलब्ध ब्लॉकलिस्टमध्ये निरपराध पत्ते मोठ्या संख्येने होते, तर खरे निरीक्षक मोठ्या संख्येने सुटलेले होते. यादीबाहेरचा पत्ता मिळवणे ही कोणत्याही निरीक्षकासाठी क्षुल्लक बाब आहे. क्लाउडवरचा सर्व्हर किंवा व्हीपीएनची (दुसऱ्याच पत्त्यावरून जाणारी) जोडणी घेतली की काम झाले.

त्याहून मूलभूत गोष्ट अशी की नजर ठेवणाऱ्याला आपल्या संगणकाशी बोलण्याची गरजच नसते. ट्रॅकरला, म्हणजे सहभागींची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला, किंवा डीएचटीला विचारले की अमुक टॉरेंटमध्ये कोणकोण आहे, याची यादी कोणालाही मिळते, आणि त्या यादीत आपला पत्ता असतो, कारण तो तिथे आपल्याच क्लायंटने नोंदवलेला असतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८मध्ये या अप्रत्यक्ष पद्धतीचा फोलपणा असा उघड केला की टॉरेंटशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा त्यांच्या छपाई यंत्रांच्या आयपी पत्त्यांवर प्रताधिकारभंगाच्या नोटिसा आल्या. पीअरब्लॉक आपल्या यंत्रात येणारी-जाणारी माहितीची पाकिटे अडवते. ट्रॅकरच्या वहीत लिहिलेले नाव ते पुसू शकत नाही.

आता भारतातील जोडण्यांचा विचार केला तर चित्र आणखी बदलते. इथल्या मोबाइल इंटरनेटवर आणि अनेक घरगुती फायबर जोडण्यांवर आयपीव्ही४चा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता ग्राहकाला मिळतच नाही. राउटरच्या स्थितीच्या पानावर डब्ल्यूएएन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४पासून १००.१२७पर्यंतच्या पट्ट्यातला दिसला, तर आपण कंपनीच्या सामायिक नॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एका सार्वजनिक पत्त्यामागे, आहोत असे समजावे. हा पट्टा २०१२मध्ये त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा ठिकाणी आपल्या राउटरवर पोर्ट उघडून बाहेरून जोडणी येत नाही, आणि क्लायंटमधला, बाहेरून जोडणी येत असल्याचा हिरवा दिवा लागत नाही म्हणून फायरवॉलला दोष देणे चुकीचे ठरते. याउलट त्याच जोडणीवर आयपीव्ही६, म्हणजे नवी पत्तापद्धत, चालू असेल तर घरातील प्रत्येक यंत्राला थेट पोहोचता येण्याजोगा पत्ता असतो. टॉरेंटची बरीच जोडणी मग त्याच वाटेने होते, आणि ब्लॉकलिस्टच्या त्या लांबलचक यादीत मात्र आयपीव्ही४चेच पट्टे असतात. घरात आयपीव्ही६ आले त्या दिवशी पीअरब्लॉकच्या कामाचा मोठा भाग शांतपणे निकामी झाला, असे म्हणायला हरकत नाही.

फायरवॉलचा विचार यादीच्या नेमका उलट दिशेने चालतो. ती वाईट पत्ते मोजत बसत नाही. आत येणारे सगळे नाकारते आणि आपण स्वतः सुरू केलेल्या संवादाची उत्तरे तेवढी आत घेते. उबंटूमध्ये २००८च्या ८.०४ आवृत्तीपासून मिळणारी यूएफडब्ल्यू हे काम दोन-तीन आज्ञांत करते : आत येणारे सर्व बंद, बाहेर जाणारे चालू, आणि टॉरेंटसाठी टीसीपी व यूडीपीचे एक पोर्ट मोकळे. ट्रान्समिशन हा क्लायंट वापरत असाल तर ते पोर्ट मूळ मांडणीत ५१४१३ असते. सेटिंगमध्ये आयपीव्ही६ चालू असल्याची खात्री केली की तेच नियम दोन्ही प्रकारच्या पत्त्यांना लागू होतात. वर सांगितलेली मोठी फट इथे एका ओळीत बुजते. आज्ञांची भीती वाटत असेल तर जीयूएफडब्ल्यू ही खिडकी असलेली आवृत्ती आहे आणि ती पुरेशी समजण्याजोगी आहे.

विंडोजच्या फायरवॉलबाबत माझे मत इतके निर्भेळ नाही. ती सक्षम आहे, पण तिचा पहिला प्रश्नच फसवा आहे. नवा क्लायंट प्रथम चालवला की खासगी व सार्वजनिक जाळ्यांसाठी परवानगी विचारणारी चौकट येते, घाईत दोन्ही खुणा केल्या जातात, आणि त्या सॉफ्टवेअरला कोणत्याही पोर्टवर, अगदी रेल्वे स्थानकाच्या वायफायवरही, बाहेरून जोडण्या घेण्याची मुभा मिळते. प्रगत सुरक्षा असलेल्या फायरवॉलच्या खिडकीत जाऊन तो नियम एका पोर्टापुरता आणि खासगी जाळ्यापुरता मर्यादित करणे पाच मिनिटांचे काम आहे. ते केले की पीअरब्लॉकने दिलेल्या संरक्षणापेक्षा जास्त संरक्षण हाती लागते, असे मी ठामपणे म्हणेन.

कारण टॉरेंट वापरणाऱ्यांचे खरे नुकसान ज्या वाटांनी झाले त्यांत निरीक्षक कंपन्यांचे पत्ते कुठेच नव्हते. मार्च २०१६मध्ये मॅकसाठीच्या ट्रान्समिशन २.९०च्या अधिकृत उतरवणीतच केरेंजर हे खंडणीखोर सॉफ्टवेअर मिसळलेले आढळले. जानेवारी २०१८मध्ये त्याच ट्रान्समिशनच्या दूरनियंत्रणातील त्रुटी गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने उघड केली; केवळ एखादे दुष्ट संकेतस्थळ उघडल्याने ९०९१ पोर्टवर चालणाऱ्या क्लायंटला बाहेरून आज्ञा देता येत होत्या. क्यूबिटटॉरेंट हा क्लायंट सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रांतील चुकांकडे २०१०पासून दुर्लक्ष करत होता आणि ते ऑक्टोबर २०२४मधील ५.०.१ आवृत्तीत दुरुस्त झाले. त्याच क्लायंटच्या वेब नियंत्रणाचे (ब्राउझरमधून तो चालवण्याच्या सोयीचे) सर्वांना ठाऊक असलेले ठरावीक नाव व पासवर्ड २०२३च्या ४.६.१ आवृत्तीपर्यंत तसेच होते. त्यात राउटरवर यूपीएनपी (सॉफ्टवेअरना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) चालू असेल आणि वेब नियंत्रणाचे ८०८० पोर्ट त्याने आपणहून बाहेर उघडले असेल, तर जगातील कोणालाही आपल्या संगणकावर फायली उतरवता येत होत्या. यांतील पहिले आणि तिसरे प्रकरण फायरवॉलनेही थांबले नसते, तिसऱ्यासाठी वेळेवर अद्ययावत होणे हाच उपाय. ट्रान्समिशनची ती त्रुटी तर ब्राउझरमार्गे आतूनच येत असल्याने तिथेही पासवर्ड लावणे अधिक उपयोगी पडले असते. परंतु उघडे पडलेले वेब नियंत्रण फायरवॉल नक्की झाकते, आणि लाख ओळींची ब्लॉकलिस्ट ते झाकत नाही, कारण तिथे येणारा हल्लेखोर कुठल्याही देशातल्या कुठल्याही घरगुती पत्त्यावरून येऊ शकतो. यूपीएनपी बंद करावे, लागेल तेवढे एक पोर्ट हाताने उघडावे आणि वेब नियंत्रण १२७.०.०.१वर, म्हणजे आपल्याच यंत्रापुरते, बांधून ठेवावे, एवढी तीन कामे मला कोणत्याही यादीपेक्षा मोलाची वाटतात.

तरीही यादी हवीच असेल, तर वेगळे सॉफ्टवेअर बसवण्याचे कारण उरलेले नाही. क्यूबिटटॉरेंटच्या जोडणीच्या पर्यायांत आयपी फिल्टर आहे आणि तो डॅट, पी२पी व पी२बी या तिन्ही प्रकारच्या फायली वाचतो. तीच यादी ट्रॅकरनाही लावायची का, हे वेगळे ठरवता येते. त्रास देणारा एखादा पीअर (फायली वाटणारा दुसरा सहभागी) दिसला तर त्याच्यावर उजवी क्लिक करून कायमची बंदी घालता येते, आणि प्रत्यक्ष वापरात मला हाच पर्याय सर्वांत उपयोगी वाटला, कारण खराब तुकडे पाठवणारा तो नेमका पत्ता अडतो, त्याचे लाखभर शेजारी अडत नाहीत. डेल्यूज या क्लायंटमध्ये ब्लॉकलिस्टचे प्लगिन आहे. ट्रान्समिशनमध्ये यादीचा दुवा देता येतो. मात्र त्याची सेटिंगची फाइल हाताने बदलायची असेल तर सेवा आधी थांबवावी, कारण बंद होताना ती जुनी मूल्ये पुन्हा लिहून टाकते.

लिनक्सवर हीच यादी थेट फायरवॉलमध्ये घालण्याचा मोह हौशी मंडळींना होतो. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल साधनात एकेका पट्ट्यासाठी एकेक नियम लिहिला तर प्रत्येक पाकीट ती संपूर्ण रांग पार करू लागते आणि यंत्र दमते. त्यासाठी आयपीसेट आहे, ज्यात शोध हॅशने, म्हणजे सगळी रांग न चाळता थेट, होतो. पण त्याच्या संचाची मूळ मर्यादा ६५,५३६ नोंदींची असल्याने मोठी यादी अर्ध्यावर अडते आणि ती मर्यादा संच तयार करतानाच वाढवून द्यावी लागते. २०१४च्या ३.१३ कर्नलपासून आलेल्या एनएफटेबल्समध्ये पट्ट्यांचे संच अधिक सुटसुटीत आहेत. तिथे एकमेकांवर चढलेले पट्टे आले की यादी नाकारली जाते, आणि या याद्यांत असे पट्टे पावलोपावली असतात. म्हणून आपोआप विलीन करण्याचा पर्याय चालू ठेवावा. हा सगळा खटाटोप शिकण्यासाठी उत्तम आहे. सुरक्षिततेसाठी तो करण्याची शिफारस मी करणार नाही.

किमतीचेही बोलायला हवे. पीअरब्लॉक फुकट असले तरी आय-ब्लॉकलिस्टने २०१३मध्ये मोफत अद्ययावतीकरण आठवड्यातून एकदाच मिळेल असे ठरवले आणि अधिक वेळा हवे असल्यास वर्गणी सुरू केली. आठवड्याची शिळी यादी आणि कालची ताजी यादी यांच्या उपयोगात फारसा फरक मला दिसत नाही, त्यामुळे त्या वर्गणीवर पैसे घालवू नयेत. जुन्या विंडोज ७च्या यंत्रावर, आयपीव्ही४च्याच जोडणीवर, ईम्यूलसारखे अनेक क्लायंट एकत्र चालवणारा कोणी असेल आणि त्याला सर्वांसाठी एकच यादी हवी असेल, तर पीअरब्लॉक अजूनही आपले मर्यादित काम नीट करते. बाकीच्यांनी ते काढून टाकावे, क्यूबिटटॉरेंटच्या प्रगत पर्यायांत जाऊन क्लायंट एकाच नेटवर्क इंटरफेसला बांधावा, म्हणजे व्हीपीएन वापरत असल्यास ते तुटताच टॉरेंटही थांबते, आणि मग राउटरच्या पानावर आयपीव्ही६ची फायरवॉल खरोखर चालू आहे ना हे एकदा पाहून घ्यावे. काही राउटरवर ती खूण वेगळ्या टॅबमध्ये दडलेली असते.